आठ नंबरचा पुष्कराज

आमच्या सौंसरच्या घरात भाषा दोन होत्या, आणि दोन्ही मराठीच. एक स्वयंपाकघरातली. तिच्यात आई ताईवर ओरडायची, "काय करून राहिली वं तिकडं, दूध उतू चाललं नं!" दुसरी बैठकीतली, म्हणजे बाबांची. ती त्यांनी मराठी शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकातून उचलून घरी आणली होती. बाबा मास्तर. बाजारात, बसमध्ये, कचेरीत सगळीकडे हिंदी चालायची, त्यामुळे पुस्तकातली मराठी आपण नाही जपली तर ती गेलीच, असं बाबांनी मनावर घेतलं होतं. दवाखान्यात गेले की कंपाउंडरला म्हणायचे, "तापमापक लावा." तो बिचारा इकडेतिकडे बघत राहायचा. शेजाऱ्यांची स्कूटर सुरू होईना, तर सगळे किक मारून दमल्यावर बाबा हात मागे बांधून जवळ जाऊन सांगणार, "प्रज्वलन होत नाही." ते सगळ्यांनाच दिसत होतं. पण शब्द अचूक लावला की बाबांना निम्मं काम झाल्यासारखं वाटायचं. राग आला किंवा फार आनंद झाला की मात्र ही पुस्तकी भाषा गळून पडायची आणि आमच्यासारखेच तेही मले-तुले करू लागायचे. बाबांचा ताप मोजायला आम्हाला तापमापक लागत नसे. बोली ऐकली की कळायचं.

घर शाळेच्या मागच्या गल्लीत होतं. पुढे बैठक, मध्ये एक अंधारी खोली, मागे स्वयंपाकघर आणि त्याच्यामागे एक मोकळा तुकडा, जिथं थंडीच्या दिवसांत संत्र्याच्या पेट्या ठोकल्या जायच्या. मोहगावला काकांचा बगीचा होता. तिथला आंबिया बहार, म्हणजे थंडीत उतरणाऱ्या संत्र्यांचा, आमच्या मागच्या अंगणात येऊन पडायचा आणि सकाळपासून ठक् ठक् सुरू व्हायचं. त्या ठोकण्याच्या मधूनच छोट्या लाईनची गाडी शिट्टी देत छिंदवाड्याकडे निघून जायची, इतकी सावकाश की शिट्टी ऐकल्यावर घरातून निघालेला माणूसही ती पकडायचा. घरभर संत्र्याच्या सालीचा वास असे. आई त्या साली वाळवून ठेवायची, कशासाठी ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. विचारलं की म्हणायची, "असू दे, कामी येते."

बाबांच्या वर्गाचा आवाज घरापर्यंत यायचा. त्यांचा लाडका धडा खनिजांच्या कठिनतेचा. कोणतं खनिज कोणाला ओरखडा पाडतं, यावरून एक ते दहा अशी उतरंड लावलेली असते. ती बाबा पाढ्यासारखी म्हणून घ्यायचे. सुरुवातीच्या नावांना मुलं अडखळायची, पण शेवटी जोर यायचा: "गारगोटी सात! पुष्कराज आठ! कुरुविंद नऊ! हिरा दहा!" मी आणि ताई भांडी घासताना त्या तालावर घासायचो. पुढे मी नागपूरच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र घेतलं, आयुष्यभर तेच शिकवलं. लोक विचारतात ही आवड कुठून लागली. मी काहीतरी गंभीर उत्तर देते. खरं म्हणजे ती राखेनं आणि नारळाच्या शेंडीनं लागली.

तर ताईचं लग्न. कुंदाताई माझ्याहून मोठी, घरात सर्वात मोठ्यानं हसणारी, आणि त्यासाठी सर्वात जास्त बोलणी खाणारी. पांढुर्ण्याचं स्थळ आलं. मुलगा प्रभाकर, बिजली ऑफिसात नोकरीला, घरी कपाशी आणि थोडी संत्री. बघण्याचा कार्यक्रम जामसांवळीला मारुतीच्या देवळात ठरला, म्हणजे जमलं नाही तर दोन्ही पक्षांना दर्शनाला आलो होतो असं म्हणता यावं. परत येताना ताई बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसली. घरी आल्यावर मला मधल्या खोलीत ओढून म्हणाली, "सुने, तो हसला नं, तं त्याचा वरचा एक दात जरासा वाकडा दिसते. पाहिला का तू?"

"नाही."

"मले तो दात लय आवडला." एवढं बोलून ती स्वतःच इतकी हसली की आईनं पलीकडून पळी आपटली. मला तेव्हाच कळलं की या लग्नाचं काही बिघडलं तर माझी बहीण पुन्हा तसं हसणार नाही. मुलगी दाखवायची, नकार पचवायचा, पुन्हा दाखवायची, हे तिनं तोवर पुष्कळ केलं होतं.

प्रभाकरच्या घरात सगळ्यांच्या वर होती त्याची आत्या. आई लहानपणी गेलेली, आत्यानंच वाढवलेलं. या आत्याबाईंनी पत्रिका कुठंतरी दाखवली आणि निरोप धाडला, "पोराचा गुरू कमजोर हाये. साक्षगंधात अंगठी देसान तं पुखराजाची द्या." साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. बाबांचा ग्रहांवर काडीचाही विश्वास नव्हता. "गुरू हा वायूचा गोळा आहे, तो कमजोर कसा होईल?" असं ते आईला म्हणाले. आई म्हणाली, "तो वायूचा गोळा राहू द्या आकाशात, तुम्ही अंगठी आणा." बाबा नागपूरला गेले.

तिथं काय झालं ते बाबांनी परत आल्यावर इतक्यांदा सांगितलं की मी तिथं हजर होते असंच मला वाटतं. सराफ्यातल्या दुकानदारानं विचारलं, "पुखराज दाखवू का?" बाबा म्हणाले, "पुखराज नव्हे, पुष्कराज. शुद्ध बोला." दुकानदार जरा गोंधळला. मग त्यानं विचारलं, "म्हणजे टोपाज म्हणता का काका?" झालं. बाबांना वाटलं, वाळवंटात भाऊ भेटला. "टोपाज! अगदी बरोबर! कठिनता आठ!" दुकानदारानं पिवळा, मधाच्या रंगाचा, लांबट असा अस्सल टोपाज काढून दिला. वर म्हणाला, "मास्तर, तुमच्यासारखं गिऱ्हाईक नाही पाहिलं." बाबा हे वाक्य प्रशस्तिपत्रक सांगावं तसं सांगायचे. त्या माणसाच्या मनात काय असेल ते आता मला कळतं.

त्यावेळी मात्र मला त्यात काहीच चुकीचं दिसलं नाही. मी तेव्हा कॉलेजात होते, आणि आमच्या प्रयोगशाळेतल्या टोपाजच्या डबीवरही कोणीतरी पुष्कराज असंच लिहिलेलं होतं. सराफ आणि ज्योतिषी ज्याला पुखराज म्हणतात तो वेगळाच दगड, पिवळा नीलम, म्हणजे जातीनं कुरुविंद, हे प्रयोगशाळेत कोण सांगणार? आमच्या सरांच्या बोटात अंगठीच नव्हती. पुखराज हा पुष्कराजचा बिघडलेला उच्चार आहे असं बाबांना वाटलं, आणि शब्दाच्या बाबतीत ते सहसा चुकत नसत. या वेळी शब्द बरोबर होता, दगड मात्र दुसरा.

साक्षगंध थाटात झालं. कोथिंबीर भरलेली सांबारवडी, वडाभात, वर ताकाची कढी. आत्याबाईंनी प्रभाकरच्या बोटातली अंगठी उन्हात धरून पाहिली, शेजारी स्वतःचा हात धरला. त्यांच्या बोटातही पुखराज होता, सासरचा, जुना. "माह्यापेक्षा जरा फिका हाये," एवढंच म्हणाल्या. प्रभाकर हसला. मी दात पाहिला. खरंच चांगला होता.

नाताळच्या सुट्टीत मी घरी आले तेव्हा अंगणात शेवटच्या पेट्या ठोकणं चाललं होतं आणि मधल्या खोलीत ताईच्या लुगड्यांचे ढीग होते. अशात एका सकाळी पांढुर्ण्याच्या बसनं तिघं जण न कळवता दारात उभे. आत्याबाई, प्रभाकरचे वडील देवरावजी, आणि त्यांच्यामागे मान खाली घालून प्रभाकर. आई आनंदानं "या, या" म्हणाली आणि पोह्यांसाठी कांदा चिरायला पळाली. आत्याबाई बसल्या. पाण्याला शिवल्या नाहीत. कनवटीची पुरचुंडी सोडून त्यांनी अंगठी काढली आणि स्टुलावर ठेवली.

"मास्तरजी, ही अंगठी ढिली होत होती म्हणून छिंदवाड्याच्या जोहरीकडं नेली म्या. तो म्हणते, अम्मा, ये पुखराज नहीं है. आता तुम्हीच सांगा, हे काय हाये?"

"पुष्कराज आहे," बाबा म्हणाले.

"तो म्हणते नाही."

"मग त्याला खनिजांचं ज्ञान नाही."

"तीन पिढ्यांचा जोहरी हाये तो! पुखराज नाही तं मंग काच हाये. पोराच्या बोटात काच घातली तुम्ही. आमच्या समाजात काय तोंड दाखवू मी?" आणि मग त्यांनी ते वाक्य उच्चारलं ज्यानं स्वयंपाकघरातला विळीचा आवाज थांबला. "चला जामसांवळीले. मारुतीपुढं हात ठेवून सांगा का हा पुखराज आहे. नाही तं हे लग्न होत नसते."

बाबांचा चेहरा मी कधी तसा पाहिला नव्हता. वीस माणसांसमोर शब्द चुकला असता तरी त्यांना इतकं लागलं नसतं. देवरावजी खाली फरशीकडे बघत होते. ते भले गृहस्थ, पण बहिणीपुढे त्यांचं कधी काही चाललेलं नव्हतं. दाराच्या पडद्याखाली मला ताईची पावलं दिसली. ती तिथं येऊन उभी राहिली होती आणि हलत नव्हती.

"शपथ कायले घेऊ मी?" बाबा म्हणाले. मले-तुलेवर आले होते ते. "मी पोराईले जे शिकवतो ते डोळ्यानं दाखवून शिकवतो. सुने, तुही पेटी आण."

माझी पेटी म्हणजे कॉलेजातून आणलेली खोक्यातली सामग्री. त्यात एक भिंग, खनिजांचे चार तुकडे आणि काळसर प्लास्टिकसारख्या ध्रुवक काचेचे दोन चौकोन. हे चौकोन एकावर एक आडवे धरले की उजेड बंद होतो. मधे साधी काच ठेवली तर अंधार तसाच राहतो. पण बहुतेक रत्नांमध्ये शिरलेला किरण फाटून त्याचे दोन होतात. असं रत्न मधे धरून फिरवलं तर ते आळीपाळीनं उजळतं आणि विझतं. ग्रहाच्या अंगठीचा खडा खालून उघडा ठेवतात, कातडीला लागावा म्हणून. ती सोय माझ्या कामी आली. दारातल्या उन्हाकडे तोंड करून मी अंगठी दोन चौकोनांच्या मधे धरली आणि फिरवली. खडा उजळला, विझला, पुन्हा उजळला.

"ही काच नाही, आत्याबाई. आता तुमची द्या."

त्यांनी अंगठी बोटातून काढली नाही, बोटच माझ्या हातात दिलं. खडा बोटावर उंच बसवलेला होता म्हणून उजेड बाजूनं आरपार घेता आला, पण बोटासकट चौकोन फिरवताना आमची चांगलीच कसरत झाली. त्यांचाही खडा उजळला, विझला. मला मनातल्या मनात हायसं वाटलं. त्यांचा खडा काच निघाला असता तर मी काय केलं असतं, देव जाणे.

"म्हंजे दोन्ही एकच?" देवरावजी आशेनं म्हणाले.

"उजेड-अंधार तं बिजली गेल्यावरही होते," आत्याबाई म्हणाल्या. "हा शिनेमाचा चष्मा मले नोको दाखवू. मी डोळ्यानं पाहीन तं मानीन."

डोळ्यानं दिसेल असं माझ्याकडे एकच होतं, आणि ते आईच्या फडताळात होतं. बाबांची दाढ दुखायची म्हणून घरात लवंगेच्या तेलाची बाटली असे. मी ते तेल तीन वाट्यांमध्ये ओतलं. खोलीत असा वास पसरला की प्रभाकरला शिंक आली. त्या दिवसातला त्याच्या तोंडून निघालेला तो पहिला आवाज. एका वाटीत मी फुटक्या पेल्याचा तुकडा टाकला, दुसरीत आमची अंगठी, आणि तिसरीसाठी आत्याबाईंकडे हात पुढे केला. बोटाला तोंडातली थुंकी लावून त्यांनी अंगठी फिरवत फिरवत काढली. बोटावर पांढरा वळ होता. कित्येक वर्षांत तिथं ऊन लागलेलं नव्हतं.

आम्ही सगळे वाट्यांवर वाकलो. पेल्याचा तुकडा दिसेनासा झाला होता. तेल आणि काच या दोघांत उजेड जवळजवळ सारखाच वाकतो, म्हणून काचेच्या कडा तेलात हरवतात. आत्याबाईंनी वाटीत बोट घालून तुकडा चाचपून पाहिला, आहे की नाही म्हणून. आमचा खडा दिसत होता, पण जरा मऊ, कडा विरघळल्यासारख्या. आणि त्यांचा पुखराज मात्र लख्ख, एकेक पैलू मोजून घ्यावा असा. कुरुविंदात उजेड जास्त वाकतो, टोपाजात त्याहून कमी. मी बघत राहिले. दोन पिवळे खडे, दोन्ही खरे, आणि दोन्ही वेगळे. तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

"बाबा," मी म्हटलं, "हा आठ आहे. आणि आत्याबाईंचा नऊ असन. त्यांचा कुरुविंद आहे, बाबा. लोक कुरुविंदाले पुखराज म्हणून राहिले."

बाबा दोन्ही वाट्यांवर पुन्हा एकदा वाकले. मग अगदी हळू म्हणाले, "मग पुष्कराज कोणाला म्हणतात?"

"आपण ह्याला म्हणतो. पुस्तकात."

हे सांगताना मला जेवढं वाईट वाटलं तेवढं पुढे कोणाला नापास करतानाही वाटलं नाही. या सगळ्यात फसवणूक कुठंच नव्हती. जोहरी खरं बोलला होता, बाबा खरं बोलले होते, आणि नागपूरच्या दुकानदारानं तर मागितलं तेच दिलं होतं. पुढे वर्गात या दोन खनिजांची तुलना शिकवताना मी सांगायचे की कुरुविंदाच्या आत एक दिशा अशी असते जिच्यातून किरण न फाटता सरळ जातो, आणि टोपाजात अशा दोन. मुलं लिहून घ्यायची. मला दर वेळी आमची बैठक दिसायची.

आत्याबाईंना सगळं समजलं, आणि त्यांना हवं तेवढंच समजलं. "म्हंजे काच नाही. पण पुखराजही नाही."

"पुस्तकात..." बाबांनी सुरुवात केली.

"पुस्तकातला गुरू येगळा, मास्तर, अन् आकाशातला येगळा. माह्या पोराले आकाशातला हाये."

तसला पुखराज आणून देणं बाबांच्या आवाक्याबाहेरचं होतं, आणि ते बोलून दाखवणं तर त्याहून. माणूस असा कोंडीत सापडला की आपल्याला जे पक्कं येतं त्याकडे धावतो. बाबा माझ्या खोक्याकडे धावले. त्यातली गारगोटी त्यांनी उचलली, कन्हान नदीतून त्यांनीच मला आणून दिलेली, आणि वाटीतली अंगठी घेऊन धोतराला पुसली. "हलका समजता तुम्ही याले? हलका? पाहा!" त्यांनी खड्याचा कोपरा गारगोटीवर दाबून ओढला. पांढरी रेघ उमटली. नखानं पुसली तरी जाईना. पेल्याचा तुकडा ओढून दाखवला, तो नुसता घसरला. "गारगोटी सात! याच्यावर रेघ ओढते तो आठ! जगात याच्यावर दोनच आहेत. पाहा देवरावजी, पाहा!" पुन्हा ओढली. पुन्हा.

"बाबा, हळू," मी म्हटलं. कारण कठीण असणं आणि मजबूत असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्कराजाला कोणी सहजी ओरखडा पाडू शकत नाही, पण एका ठरलेल्या दिशेनं धक्का बसला तर तो सरळ दुभंगतो. बाबांचा स्वभाव अगदी असाच होता, आणि मला दोघांचीही काळजी वाटत होती.

चौथ्या की पाचव्या रेघेला अंगठीत खडा धरून ठेवणारी एक दाढ वाकली. खडा निसटला, स्टुलाच्या कडेला लागून फरशीवर पडला, आणि टक् असा बारीक आवाज झाला.

त्याचे दोन तुकडे झाले होते.

मागच्या अंगणातलं ठोकणंही नेमकं त्याच वेळी थांबलं. पडद्यामागून ताईचा श्वास ऐकू आला. "मायबाई!" आत्याबाई म्हणाल्या, आणि मग त्यांचा आवाज चढला, "फुटला! म्हणत नव्हती मी? काचच होय! साक्षगंधाचा खडा फुटला, आता कायचं लगन अन् कायचं काय!" देवरावजींनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. बाबा गारगोटी हातात धरून तसेच उकिडवे बसून राहिले. त्यांचे ओठ हलत होते, पण एकही शब्द सापडत नव्हता, ना पुस्तकातला ना घरातला.

मी गुडघ्यावर बसून दोन्ही तुकडे उचलले. आणि मला हसू फुटलं. त्या प्रसंगात हसणारी मी एकटीच होते, आणि आई दारातून माझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती ती मी अजून विसरलेले नाही. पण करू काय? खडा आडवा, मधोमध, इतका सपाट दुभंगला होता की तुटलेल्या बाजूला आरशासारखी चकाकी होती. मी तो उन्हात धरला तर छतावर कवडसा पडला.

"आत्याबाई, हे पाहा. बोट फिरवा याच्यावरून. आता हा पेल्याचा तुकडा पाहा. काच फुटते ती अशी, शिंपल्यावाणी, वळणावळणाची. अशी सपाट कधीच फुटत नाही. काच असती तं हे झालंच नसतं. खरा आहे म्हणूनच असा दुभंगला."

त्यांनी बोट फिरवलं. पुन्हा फिरवलं. "गुळगुळीत हाये," त्या म्हणाल्या. "पण फुटका तं फुटकाच. फुटका खडा बोटात घालत नसतात पोरी."

आणि इथं बाबांना त्यांचा शब्द सापडला. ते उठले. धोतर नीट केलं. वर्गात उभे राहत तसे उभे राहिले आणि पुस्तकी मराठीत, एकेक अक्षर सुटं करत म्हणाले, "आत्याबाई, क्षमा करा. याला फुटणं म्हणत नाहीत. शास्त्रात याला पाटन म्हणतात."

"काय म्हणतात?"

"पाटन. खनिज स्वतःच्या अंगच्या गुणानं, आपल्याच ठरलेल्या पातळीत दोन होतं, ते पाटन. फुटतो तो अपघातानं. हा फुटलेला नाही. हा पाटला आहे."

आत्याबाईंनी देवरावजींकडे पाहिलं. देवरावजींनी आयुष्यात पहिल्यांदा बहिणीच्या आधी तोंड उघडलं असावं. "शास्त्रात असन तं मंग असन बाई," ते म्हणाले.

"पाटन," आत्याबाईंनी शब्द तोंडात घोळवून पाहिला. फुटणं अशुभ होतं. पाटनाबद्दल त्यांना कोणी कधी काही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी तेलातून स्वतःची अंगठी काढली, पदराला पुसली, निरखली. "अन् माह्या पुखराजात हे पाटन असते का?"

मी खोटं बोलले नाही. "नाही आत्याबाई. कुरुविंदात पाटन नसते. तो नुसता फुटते."

"नुसता फुटते!" त्या म्हणाल्या, आणि त्यांच्या चेहऱ्यावर जी नाराजी आली ती बाबांवरची नव्हती, आपल्या सासरच्यांवरची होती.

तेवढ्यात प्रभाकर उठला. आल्यापासून बाकाच्या टोकाला बसलेला हा माणूस, शिंक सोडून एक शब्द न बोललेला. तो माझ्याजवळ आला आणि त्यानं तळहात पुढे केला. मी दोन्ही तुकडे त्यावर ठेवले. "आत्या," तो म्हणाला, "माह्या गुरूचं मी पाहून घेईन. मले लगन कराचं आहे, अन् इथंच कराचं आहे. दोन झाले तं दोन अंगठ्या करू." मग बाबांकडे वळून, "मामाजी, तुमची हरकत आहे का?" आमच्याकडे जावई सासऱ्याला मामाजी म्हणतो. त्यानं बाबांना तसं हाक मारण्याची ही पहिलीच वेळ होती. बाबांनी नाही म्हणून मान हलवली. आत्याबाई म्हणाल्या, "अरे, मी काय नाही म्हणून राहिली का? पण सोनाराले नीट बसवाले सांगजो," आणि स्टुलावरचा पाण्याचा पेला उचलून त्यांनी एका दमात रिकामा केला.

मग पडदा बाजूला झाला. लग्न ठरलेल्या मुलीनं असल्या बोलण्याच्या वेळी बैठकीत यायचं नसतं, हे आईनं ताईला हजारदा शिकवलं होतं. ताई आली. डोळे लाल होते आणि हातात पोह्यांची ताटली होती, ती तिनं न बघताच माझ्या हातात दिली. थेट प्रभाकरसमोर जाऊन उभी राहिली.

"माह्यावाला कोणता?" तिनं विचारलं.

प्रभाकर गडबडला. "दोन्ही सारखेच आहेत," तो म्हणाला.

"पाहू दे नं." तिनं त्याच्या तळहातावरचे तुकडे उचलले, एकेक करून उन्हात धरून पाहिले, शेजारी शेजारी लावून पाहिले. आत्याबाई पाहत होत्या, देवरावजी पाहत होते, आईनं दारात कपाळाला हात लावला होता. मग त्यातला जो किंचित मोठा होता तो ताईनं मुठीत घेतला, दुसरा प्रभाकरच्या हातावर परत ठेवला, आणि आत निघून गेली. पडद्यापलीकडे पोचेपर्यंत तिनं कसंबसं आवरलं. मग ती इतक्या मोठ्यानं हसली की मागच्या अंगणातली माणसं हातोडे हातात घेऊन पाहायला आली, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला कोणी हळू हस म्हटलं नाही.